दोघींच्या नावाची आरडी

गोव्यात हरमलला आमच्या घराच्या मागे, माडांच्या अंगाला एक खोली आहे. घराची वाटणी झाली तेव्हा पुढच्या खोल्या दोघा भावांना गेल्या आणि ही मागची खोली आम्हा दोघी जावांना मिळाली. तिचे भाडे आमचे, निम्मे निम्मे, त्यात पुरुषांनी बोलायचे नाही, असे सासूबाईंनी जाण्यापूर्वी ठरवून दिले होते. थोरल्या जावेला मी वयनी म्हणते. मी लग्न होऊन आले तेव्हा तिचा मुलगा शाळेत जात होता, त्यामुळे ती जाऊ कमी आणि सासू जास्त होती. ते अंतर मिटायला बरीच वर्षे गेली.

त्या खोलीत दर थंडीत एक पहाडी बाई राहायला यायची. हिमाचलची. तिच्या गावात बर्फ पडले की हाताला काम नसायचे, म्हणून नोव्हेंबरात ती लोकरीच्या टोप्या, शाली आणि खड्यांच्या माळा घेऊन इकडे यायची आणि किनाऱ्यावर विकायची. येताना आमच्यासाठी राजमा आणि अक्रोड आणायची. मार्चअखेर निघताना आम्ही तिला कोकमाची सोले आणि काजू बांधून द्यायचो. दर वर्षी रिक्षात बसताना ती म्हणायची की आता तुम्ही दोघी माझ्याकडे या. आम्ही हो म्हणायचो. असे हो म्हणायला काही लागत नाही.

दोन वर्षांपूर्वी ती निघाली तेव्हा तिने ते वाक्य म्हटलेच नाही. वयनीच्या गालावरून हात फिरवला आणि रिक्षात बसली. रिक्षा वळणावर दिसेनाशी झाली तरी वयनी फाटकातच उभी होती.

"यंदा ती येवा म्हणाली नाय," ती म्हणाली.

मी म्हटले, विसरली असेल.

"विसरली नाय गो. आमी येवचे नाय ह्या तिका कळला."

चार दिवस वयनी काजूच्या बिया वाळत घालत राहिली. पाचव्या दिवशी तिने मला विचारले की तिकडे जाऊन यायला दोघींना किती पैसे लागतील.

आमच्या डोक्यावरून मोपाच्या विमानतळाची विमाने जातात. त्या विमानांनी येणाऱ्यांना खोल्या देऊन आमचे घर चालते, पण घरातले कोणीही तोवर विमानात बसलेले नव्हते. मी मोबाइलवर भाडी पाहिली, दिल्लीच्या पुढच्या बसचे पाहिले, वरखर्च धरला. आकडा बराच मोठा झाला. एकदम काढणे शक्य नव्हते. वयनीच म्हणाली की दर महिन्याला दोघींनी दोन दोन हजार बाजूला टाकले तर वर्षभरात जमेल. तिचे काजूचे आणि सोलांचे पैसे, माझ्या शिकवण्यांचे, आणि नोव्हेंबरपासून खोलीचे भाडे. घरात ठेवले तर राहणार नाहीत, म्हणून बँकेत ठेवायचे. आणि बँकेत ठेवायचे तर जिथे व्याज जास्त तिथे.

"तू बी.कॉम. मगो," वयनी म्हणाली. "तूच बघ."

मी बी.कॉम. आहे हे खरे. माहेर नार्व्याचे, कॉलेज डिचोलीच्या बाजूला, आणि चक्रवाढ व्याजाचे सूत्र मी परीक्षेत बिनचूक लिहिले होते. पण पदवी घेतल्यानंतर मी पैसे मोजले ते भाजीचे आणि भाड्याचे. तरीही मी बघते म्हटले.

सुरुवात गावातल्या बँकेपासून केली. तिथे एक तरुण मुलगी बसते, वेंगुर्ल्याकडची, बोलायला गोड. तिने सांगितले की दर महिन्याला ठरावीक रक्कम भरायची तर आरडी, म्हणजे आवर्ती ठेव उघडा, एका वर्षाला सात टक्के मिळतील. मी विचारले, ह्याहून जास्त कुठे मिळेल? ती हसली आणि म्हणाली की ते मी कसे सांगू, मॅडम.

मग स्कूटरवरून आम्ही दोघी पेडण्याला पोस्टात गेलो. तिथला दर बँकेपेक्षा थोडा कमी होता, पण खिडकीतल्या माणसाने सांगितले की सरकारी आहे, बुडायची भीती नाही. मला ते पटत आले होते. तेवढ्यात तो म्हणाला की मुदत पाच वर्षांची. वयनीने त्याला विचारले की वर्षाने पैसे पाहिजे झाले तर? तो म्हणाला, तीन वर्षे तरी हात लावता येणार नाही, आणि त्यानंतर मोडली तर साध्या बचत खात्याचे व्याज. वयनी बाहेर येऊन पायरीवर बसली आणि गुडघे चोळत म्हणाली की पाच वर्षांनी हे गुडघे चढ चढायचे नाहीत.

पुढच्या आठवड्यात मी आईला भेटायला नार्व्याला गेले, तेव्हा डिचोलीत एका पतसंस्थेत डोकावले. बाहेर फलकावर साडेनऊ टक्के असे ठळक लिहिलेले होते. ते वाचून मला वाटले की आपले काम झाले. आतल्या साहेबांनी मला कदेल, म्हणजे खुर्ची, पुढे सरकवून बसवले, लिंबू सोडा मागवला आणि सगळे नीट समजावले. समजावल्यावर माझा गोंधळ वाढला. साडेनऊ टक्के हे मोठ्या मुदतीला होते. एका वर्षाला आठ. त्यासाठी आधी सभासद व्हायचे, सभासद होण्यासाठी शेअर घ्यायचा, आणि ते शेअरचे पैसे ठेव संपल्यावर लगेच परत मिळतील असे नाही. शिवाय त्यांचे व्याज सरळ होते, बँकेचे दर तीन महिन्यांनी मुद्दलात मिळणारे. मग आठ टक्के सरळ मोठे की सात टक्के चक्रवाढ मोठे? साहेब म्हणाले, अर्थात आठ. मला ते खरे वाटले, पण का खरे ते सांगता आले नसते.

त्या दिवशी जेवताना भावाला विचारले. तो पूर्वी खाणीवर ट्रक चालवायचा, आता शेती बघतो. व्याजाबद्दल तो काहीच बोलला नाही. त्याने एवढेच सांगितले की त्याच्या एका दोस्ताचे पैसे अशाच एका दुसऱ्या संस्थेत अडकले आणि तो अजून खेपा घालतो आहे. ही संस्था तशी असेल असे तो म्हणाला नाही. पण ते ऐकल्यावर मला आठ टक्के आवडेनासे झाले. आणि हरमलहून डिचोलीला दर महिन्याला पैसे भरायला यायचे म्हटले तर पेट्रोलमध्येच व्याज जाणार, हे तर आईनेही सांगितले.

घरी आले तर नवऱ्याने मोबाइलवर आणखी एक बँक दाखवली. तिचे नावही आम्ही कधी ऐकले नव्हते. दर पावणेआठ, पण तो अमुक दिवसांच्या खास ठेवीला, आणि खाली बारीक अक्षरात अटी. त्या मी तीनदा वाचल्या. तिसऱ्यांदा वाचताना पहिल्यांदा जे समजले होते तेही गेले.

मी रोज हिशेब करायचे. कॅलेंडरच्या पाठीमागे आकडे लिहायचे, मोबाइलवर गुणायचे. एकच आरडी, चार हजारांची, एक वर्षाची, पण तीन वेळा केली तर तीन उत्तरे यायची. इंटरनेटवर आपोआप हिशेब करून देणारी पाने होती, त्यांत चौथे उत्तर यायचे आणि ते माझ्या तिन्ही उत्तरांच्या निम्मे असायचे. ती पाने चुकीची असणार असे मी ठरवून टाकले. चार हजार गुणिले बारा म्हणजे अठ्ठेचाळीस हजार, त्याचे सात टक्के म्हणजे साडेतीन हजारांच्या जवळपास. ह्यात चुकायला काय आहे? मी वयनीला तोच आकडा सांगितला. ती म्हणाली, म्हणजे त्या बाईला आणि तिच्या घरच्यांना काहीतरी चांगले घेऊन जाता येईल.

शेवटी बँक ठरली ती व्याजामुळे ठरली नाही. एका सकाळी वयनी पाव आणायला म्हणून बाहेर पडली आणि परत आल्यावर म्हणाली की बँकेपर्यंत मी चालत जाऊन आले, वाटेत फक्त एकदाच बसावे लागले. तू माहेरी असलीस तर हप्ता मी भरू शकेन. मला एकदम हलके वाटले. कोणीतरी ठरवून टाकायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी दोघी बँकेत गेलो. त्या मुलीने वयनीकडे बघून विचारले की मावशींचे वय साठच्या वर आहे का, कारण ज्येष्ठ नागरिकाचे नाव पहिले असेल तर अर्धा टक्का जास्त मिळतो. हे तिने आधी सांगितले नव्हते, कारण आधी मी एकटी गेले होते. वयनी खुलली. तिचा जन्म गोवा मुक्त झाला त्या वर्षाचा, तेरेखोलच्या बाजूला गोळीबाराचे आवाज येत होते तेव्हा ती आईच्या कुशीत तान्ही होती, असे तिची आई सांगायची. तिने तेच त्या मुलीला सांगितले. मुलीने आधार कार्ड पाहिले. कार्डावर तिच्या जन्माचे वर्ष बरेच पुढचे होते. कधीतरी शाळेत कोणी मास्तरांनी अंदाजाने घातले असेल, तेच चालत आलेले.

"मावशी, कार्डाप्रमाणे तुम्ही अजून साठच्या नाही."

"मगे मी म्हातारी नाय?" वयनीने विचारले.

"बँकेसाठी नाही."

वयनीला ह्याचा आनंद व्हावा की राग यावा ते कळेना. कार्ड सुधारून घ्यायचे तर काय काय लागेल ते मुलीने सांगितले आणि अर्ध्या टक्क्यासाठी आमची तेवढी तयारी नव्हती. पहिले नाव तरीही वयनीचेच घातले.

मग मुलीने विचारले की खाते कसे चालवायचे. दोघींच्या सहीने, की दोघींपैकी कोणीही किंवा मागे राहील ती? मला हे शब्द कॉलेजातले आठवत होते, म्हणून मी पटकन म्हटले, कोणीही किंवा मागे राहील ती. वयनीने माझ्याकडे पाहिले.

"मागे राहील ती म्हणजे?"

मुलगी संगणकाकडे बघू लागली. मी सांगायला गेले आणि अडखळले. वयनीला समजले होते. तिने पेन घेतले आणि सही केली. तिची सही हळू होते, एकेक अक्षर वेगळे.

परतताना ती चालत न येता माझ्या मागे स्कूटरवर बसली होती. देवळाच्या वळणावर ती माझ्या कानाशी म्हणाली, "तू मागे रवलीस तर तू जा हां. मी रवलय तर मी काय एकटी जावचे नाय."

मी म्हटले, असे काही बोलू नको. ती म्हणाली की बोलायलाच हवे, त्या मुलीने नाही का विचारले. त्या दिवसापासून मला ती सासूसारखी कधी वाटली नाही.

पावसाळ्यातले हप्ते वेळेवर गेले. ऑक्टोबरात आम्ही खोलीला चुना लावला, जनेलांना नवे पडदे लावले. नोव्हेंबर आला आणि पहाडी बाई आली नाही. दिवाळी झाली तरी नाही. फोन लावला तर लागेना. नोव्हेंबर संपत आला तेव्हा तिचाच फोन आला, दुसऱ्या कोणाच्या नंबरवरून. सुनेला बाळ झाले होते, मुलगा ट्रक घेऊन बाहेर असायचा, त्यामुळे आता तिला घर सोडता येत नव्हते. यंदा नाही आणि बहुतेक पुढेही नाही. वयनी फोनवर तिला बाळाबद्दलच विचारत राहिली. शेवटी म्हणाली की आम्ही मे महिन्यात येतो. पलीकडे ती बाई रडू लागली.

फोन ठेवल्यावर मला वेगळीच धास्ती पडली. पुढचे हप्ते आम्ही तिच्याच भाड्यातून भरणार होतो. तिच्याकडे जायचे पैसे तिच्याच भाड्याचे, हे तोवर लक्षातच आले नव्हते. खोली रिकामी, डिसेंबरचा हप्ता चुकला, जानेवारीचाही. बँकेतून मोबाइलवर दंडाचा निरोप आला. तो दंड व्याजातून कापतात की मुद्दलातून, हे मी विचारले आणि उत्तर ऐकूनही मला नीट कळले नाही. मग आम्ही खोली दोन दोन, तीन तीन दिवसांसाठी पाहुण्यांना देऊ लागलो. चादरी धुऊन हात सोलवटले, पण फेब्रुवारीत मागचे सगळे हप्ते भरून टाकले.

एप्रिलमध्ये मुदत संपली. रक्कम आमच्या बचत खात्यात आली आणि मी मोबाइलवर पाहिली. व्याज अठराशेलाही थोडे कमी होते. मी परत पाहिले. साडेतीन हजार कुठे आणि हे कुठे? दंड म्हणावा तर एवढा मोठा दंड असूच शकत नव्हता. वयनीला काय सांगायचे? तिने तर त्या हिशेबाने बाळासाठी चांदीचे वाळे बघून ठेवले होते. मला वाटले की बँकेने फसवले. मग वाटले की मीच कुठेतरी चुकीच्या ठिकाणी सही केली. मी कोणाला न सांगता बँकेत गेले आणि त्या मुलीला जरा चढ्या आवाजातच विचारले.

ती रागावली नाही. तिने कागद घेतला आणि म्हणाली, "मॅडम, तुम्ही पहिल्या महिन्यात भरलेले चार हजार वर्षभर आमच्याकडे होते. शेवटच्या महिन्यातले फक्त एक महिना. मग त्यांना वर्षाचे व्याज कसे मिळेल?"

तिने बारा आडव्या रेघा काढल्या, एकीपेक्षा एक छोटी. त्या रेघा बघताना मला सगळे लख्ख समजले. सात टक्के सातच होते, फक्त सगळे पैसे सगळा वेळ तिथे नव्हते. इंटरनेटवरचे ते निम्मे उत्तर बरोबर होते. मी तिची माफी मागितली. बाहेर येऊन स्कूटर सुरू केली आणि वयनीला कसे सांगायचे ते मनात जुळवू लागले, तर अर्ध्या वाटेत पुन्हा अडकले. मग त्याला सात टक्के म्हणतातच कशाला?

वयनी पडवीत बिया फोडत होती. मी जमेल तसे सांगितले. रेघाही काढून दाखवल्या, जमिनीवर, काडीने. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "आमचे अठ्ठेचाळीस हजार आसत मगो?"

मी म्हटले, आहेत. सगळे आहेत, आणि वर थोडे.

"मगे आमी जातलव." आणि वाळे ती स्वतःच्या काजूच्या पैशांतून घेणार म्हणाली. मी निम्मे दिले.

विमानाची तिकिटे काढायला बसलो तेव्हा मी पाहिले की एका दिवसात त्यांचे दर जेवढे वर गेले त्यात आमचे वर्षाचे व्याज बुडाले असते. मी हे वयनीला सांगितले नाही. सकाळी लवकरचे तिकीट स्वस्त होते, ते काढले. वयनीने विमानात सगळा वेळ माझे मनगट धरून ठेवले होते आणि दिल्लीला उतरल्यावर तिला भूक लागली.

पहाडी बाईचे घर गावाच्या वरच्या टोकाला, लाकडी, खाली गाय बांधलेली. ती रस्त्यावर आम्हाला घ्यायला आली होती. तिथे ती मला उंच वाटली. हरमलला किनाऱ्यावर ती नेहमी वाकून सामान उचलताना दिसायची, त्यामुळे असेल. तिने आम्हाला तिची स्वतःची खोली दिली आणि ती सुनेपाशी झोपू लागली. चार दिवस राजमा, भात, ताक आणि सफरचंदाचे काहीतरी आंबट असे खाऊन वयनीचे तोंड बेचव झाले होते, पण ती बोलली नाही. बाळाला मांडीवर घेऊन ती चुलीपाशी बसायची आणि दोघी आपापल्या भाषेत बोलायच्या. एकीचे हिंदी अर्धे, दुसरीचे पाऊण. मी मध्ये पडायला गेले तर दोघीही मला गप्प करायच्या.

निघायच्या आदल्या संध्याकाळी वयनीने पदराची गाठ सोडली आणि खोलीचे भाडे म्हणून पैसे पुढे केले. बाई हात मागे घेऊन उभी राहिली. घरी आलेल्यांकडून कोणी भाडे घेते का, असे ती म्हणाली. वयनी म्हणाली की तू इतकी वर्षे आमच्या घरी राहिलीस आणि दर महिन्याला मोजून दिलेस, तेव्हा आम्ही घेतले ना? मला दोघींचेही खरे वाटत होते. वयनीने पैसे चुलीजवळच्या पाटावर ठेवले. शेवटी सुनेने ते उचलले, निम्मे वयनीच्या हातात ठेवले आणि निम्मे बाळाच्या उशीखाली. दोघींनीही ते मान्य केले आणि आम्ही जेवायला बसलो.

परत आल्यावर दोनच दिवसांनी बँकेतल्या मुलीचा फोन आला. खात्यात थोडी रक्कम शिल्लक दिसते आहे, नवी आरडी उघडणार का, असे तिने विचारले. दर आता बदलला आहे म्हणाली. कमी झाला की जास्त, हे मी विचारले. एका वर्षाला कमी, पण पंधरा महिन्यांना तसाच, आणि दोन वर्षांना किंचित जास्त. मी वयनीकडे पाहिले. ती पडवीत पाय पसरून गुडघ्यांना तेल लावत होती. विचार करून सांगते म्हणाले आणि हिशेबासाठी पुन्हा कॅलेंडर खाली काढले.